गाठ कोणाची, निर्णय कोणाचा?

फुफ्फुसाचा कर्करोग हा उशिरा कळणारा रोग आहे. फुफ्फुसाच्या आतल्या भागास वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. त्यामुळे गाठ बोराएवढी असताना ती कोणास सांगत नाही, लिंबाएवढी झाली तरी पुष्कळदा सांगत नाही. खोकला येतो, पण खोकला कोणास येत नाही? विडी ओढणारा माणूस तो विडीच्या खाती टाकतो, चुलीपुढे जन्म काढलेली बाई धुराच्या खाती टाकते, आणि कापूस वेचणीच्या हंगामात दवाखान्यात जाण्यास सवड कोणालाच नसते. वजन उतरते, थुंकीत रक्ताची रेघ दिसते, आवाज बसतो, आणि मग केव्हातरी छातीचा फोटो काढला जातो. आपल्या देशात या रोगाचे बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत पोहोचल्यानंतरच तज्ज्ञाच्या पुढे येतात. शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकावी आणि रोगी मोकळा व्हावा, ही वेळ तेव्हा बहुधा गेलेली असते.

त्यातच क्षयरोगाची भर पडते. क्षय हा आपल्याकडे घरोघरचा परिचित रोग. फोटोत डाग दिसला, खोकला जुना आहे, ताप अधूनमधून येतो, एवढ्यावर गावच्या डॉक्टरास प्रथम क्षयाचीच आठवण यावी हे स्वाभाविक आहे, आणि शंभरातल्या पुष्कळ वेळा ती बरोबरही असते. परंतु ज्या रुग्णाच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, त्यालाही केवळ डागाच्या भरवशावर औषधे सुरू होतात. दोन महिने, तीन महिने वाट पाहिली जाते. डाग वाढतच जातो. या विलंबाचा सगळा दोष गावच्या डॉक्टराच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्याच्यापाशी छातीचा एक फोटो असतो आणि समोर चाळीस माणसे बसलेली असतात. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो रुग्ण अखेर मोठ्या रुग्णालयाच्या दाराशी पोहोचल्यावर तेथे काय होते, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

समजा, आर्वी तालुक्यातील एखादा साठीचा शेतकरी वर्ध्यास आला. प्रथम तो श्वसनविकारांच्या तज्ज्ञाकडे जातो. ते दुर्बीण घालून तपासणी सुचवतात. तेथून सी.टी. स्कॅनच्या विभागात, तेथून सुईने तुकडा काढण्यासाठी तिसऱ्या ठिकाणी. तुकडा विकृतिशास्त्र विभागात जातो. अहवालास आठवडा लागतो. अहवाल घेऊन तो शल्यतज्ज्ञाकडे जातो. ते म्हणतात, ‘हे शस्त्रक्रियेचे काम नाही.’ मग किरणोपचार, मग केमोथेरपी, आणि प्रत्येक दारी नवा केसपेपर, नवी रांग, नवी तारीख. मुलगा मजुरी बुडवून सोबत येतो. प्रत्येक डॉक्टर आपापल्या परीने बरोबरच बोलत असतो. पण सगळ्यांचे बोलणे एकत्र करून त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र त्या मुलावर येऊन पडते, ज्याने कदाचित बारावीपर्यंत शिक्षण घेतलेले असते. वैद्यकशास्त्रातील सर्वांत अवघड निर्णयाची जुळणी रुग्णालयाच्या व्हरांड्यात, सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसाने करावी, अशी ही व्यवस्था आहे. ती कोणी योजलेली नाही, आपोआप घडून आली आहे. परंतु म्हणून ती कमी घातक ठरत नाही.

हा निर्णय अवघड का झाला, हे थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे. तीस वर्षांपूर्वी पसरलेल्या फुफ्फुसकर्करोगास उपचार असे थोडेच होते: केमोथेरपी द्यावी, हाड दुखत असल्यास किरण द्यावे, आणि काही महिन्यांची मुदत गृहीत धरावी. आज ‘फुफ्फुसाचा कर्करोग’ हे एका रोगाचे नाव राहिलेले नाही. लहान पेशींचा कर्करोग वेगळा. तो वेगाने पसरतो आणि साधारण सहासात रुग्णांतील एकाला असतो. उरलेल्यांत पुन्हा पोटभेद आहेत, आणि त्या पोटभेदांतही पेशींच्या आतल्या जनुकांत कोणता बिघाड झाला आहे यावरून औषध ठरते. ग्रंथिपेशींच्या कर्करोगात ई.जी.एफ.आर. नावाच्या जनुकाचा बिघाड भारतीय रुग्णांपैकी साधारणपणे चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांत सापडतो. पाश्चात्त्य देशांतील प्रमाणापेक्षा हे बरेच अधिक आहे. ए.एल.के. नावाचा दुसरा बिघाड शंभरात थोड्याच जणांत असतो. परंतु ज्यांच्यात असतो त्यांना गोळ्यांनी वर्षानुवर्षे आराम पडल्याची उदाहरणे आहेत. विशेष म्हणजे हे बिघाड कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या रुग्णांत, आणि त्यांतही स्त्रियांत, अधिक आढळतात. ‘तिने तर कधी तंबाखूला हात लावला नाही’ असे म्हणून जिचा खोकला घरच्यांनी वर्षभर दुर्लक्षिला, तिच्याच गाठीला लागू पडणारी गोळी बाजारात असण्याचा संभव जास्त असतो.

आता यात चुकीच्या जागा किती आहेत ते पहावे. सुईने निघणारा तुकडा तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. विकृतिशास्त्रज्ञाने कर्करोगाचे निदान करण्यातच तो सगळा खर्च केला, तर जनुकतपासणीस काहीच उरत नाही, आणि दमलेल्या माणसाच्या छातीत पुन्हा सुई घालावी लागते. छातीतले पाणी काढताना त्याचा उपयोग निदानास होऊ शकतो हे लक्षात न घेता ते फेकून दिले, तर तीच कथा. जनुकाचा अहवाल यायला दहापंधरा दिवस लागतात. तेवढा धीर न धरता घाईने दुसरेच औषध सुरू झाले, तर पुढची वाट बिकट होते. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारी इम्युनोथेरपी आधी देऊन लगोलग ई.जी.एफ.आर.वरील ऑसिमर्टिनिब ही गोळी दिल्यास फुफ्फुसास गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो, असे दिसून आले आहे. म्हणजे औषध बरोबर असूनही क्रम चुकला की अपाय. आणि हा क्रम ठरवण्यासाठी तुकडा काढणारा, तो तपासणारा आणि औषध देणारा हे तिघे एकमेकांशी बोललेले असावे लागतात, निदान एकदा तरी.

तज्ज्ञांच्या मतांत खराखुरा भेद पडावा अशीही स्थळे आहेत. रोग मेंदूपर्यंत गेला आहे, पण माणूस चालताबोलता आहे. किरणोपचारतज्ज्ञ म्हणेल की आधी किरण द्या. औषधोपचारतज्ज्ञ म्हणेल की ही गोळी मेंदूपर्यंत पोहोचते, किरण थोडे लांबवू. रोग दुसऱ्या एकाच ठिकाणी गेला आहे. तर त्या एका ठिकाणी नेमके किरण देऊन किंवा शस्त्रक्रिया करून अधिक काही साधता येईल का? छातीत पाणी पुनःपुन्हा भरते. ते दर आठवड्यास सुईने काढत रहावे, की दोन्ही आवरणे चिकटवून टाकण्याचा उपाय करावा? यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर एका विद्याशाखेच्या पुस्तकात पुरते सापडत नाही.

तज्ज्ञांनी एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करण्याची जी पद्धत जगभर रूढ होत गेली आहे, तिला ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणतात. हे नाव आम्हांस फारसे रुचत नाही. बोर्ड गाठीचे भरते आणि माणूस बाहेर बाकावर बसतो, असे काहीसे त्यातून ध्वनित होते. आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात तसेच घडते. त्याकडे आम्ही पुढे वळूच.

या पद्धतीचा इतिहास मोठा बोलका आहे. १९३३ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे इव्हार्ट्स ग्रॅहम या शल्यविशारदाने कर्करोगाने ग्रासलेले एका डॉक्टराचे एक संपूर्ण फुफ्फुस काढले, आणि तो रुग्ण जगला. वीरपुरुषाच्या एकट्या हाताची ती विद्या होती. त्याच ग्रॅहमने १९५० साली अर्न्स्ट विंडर या तरुण सहकाऱ्यासह तंबाखूचे धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. आणि स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढलेला हा माणूस १९५७ साली त्याच रोगाने गेला. ज्याचे फुफ्फुस त्याने काढले होते, तो रुग्ण त्याच्यानंतरही हयात होता. एकट्या शल्यविशारदाच्या कौशल्याची मर्यादा याहून अधिक स्पष्टपणे कोण दाखवील? पुढे किरणोपचार आले, औषधे आली, आणि एकाचे काम अनेकांचे झाले. इंग्लंडमध्ये १९९५ सालच्या काल्मन-हाइन अहवालाने कर्करोगसेवेची फेरमांडणी सुचवली आणि तेथे बहुशाखीय चमूने एकत्र विचार करणे हा नेहमीचा रिवाज होऊन बसला. आपल्याकडे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच्या पुढाकाराने २०१२ साली राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड उभारली गेली, आणि आज देशातील तीनशेहून अधिक केंद्रे तिला जोडलेली आहेत. दूरच्या केंद्रातील अवघड रुग्णाची चर्चा पडद्यावरून अनेक तज्ज्ञांनी एकत्र करावी, अशीही सोय तिने केली आहे. तेव्हा ही कल्पना परकी राहिलेली नाही, आणि तिच्यासाठी संगमरवरी इमारत लागत नाही.

एकत्र बसल्याने रुग्ण अधिक जगतो काय? या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो. याविषयीचे बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. चमूपुढे चर्चा झालेल्या रुग्णांची तपासणी अधिक पूर्ण होते, त्यांना मान्य रीतीचे उपचार मिळण्याचे प्रमाण वाढते, आणि पुष्कळदा आधी योजलेला उपचार चर्चेअंती बदलतो, एवढे त्यांतून दिसते. आयुष्य वाढल्याचे काही अभ्यास सांगतात; परंतु त्यावरून निर्विवाद निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तरीही आम्ही या पद्धतीचा पुरस्कार करतो, आणि त्याचे कारण आकड्यांपेक्षा निराळे आहे. निर्णयाची जुळणी व्हरांड्यातून उचलून खोलीत आणली जाते, हाच तिचा पहिला लाभ होय.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेरा लाख वस्तीच्या या जिल्ह्यात दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शहराच्या एका अंगास सेवाग्राम. तेथे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली आणि कस्तुरबा रुग्णालय तिचे अंग बनले. दुसऱ्या अंगास सावंगी मेघे. तेथे १९९० पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्ह्यातील कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणीही सेवाग्रामच्या संस्थेतूनच होते. अशी नोंदणी असलेले ग्रामीण जिल्हे देशात थोडे आहेत. या भागात पुरुषांच्या तोंडाच्या कर्करोगाचे प्राबल्य आहे, आणि सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा पानटपरीपानटपरीवर विकला जात असता ते आश्चर्याचे नाही. दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात तंबाखूला मात्र मोकळे रान आहे, हा विरोधाभास आम्ही जाता जाता नोंदवून ठेवतो. तोंडाच्या कर्करोगाच्या गर्दीत फुफ्फुसाचा रुग्ण संख्येने मागे पडतो. आणि जो संख्येने मागे पडतो त्याच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करण्याची निकड कोणास फारशी जाणवत नाही.

मग तो रुग्ण काय करतो? ज्याच्यापाशी थोडे बळ आहे तो सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये बसतो आणि साडेसातशे किलोमीटरांवरच्या मुंबईस जातो. परळच्या पदपथावर विदर्भाची बोली ऐकू येते ती यामुळे. तेथे त्याला उत्तम सल्ला मिळतो यात संशय नाही. परंतु चौथ्या अवस्थेतील माणसास उरलेल्या महिन्यांपैकी किती दिवस आगगाडीत आणि धर्मशाळेत घालवावयास लावावे, हाही वैद्यकीय प्रश्नच आहे, आणि तो कोणत्याही अहवालात लिहिलेला नसतो. ज्याच्यापाशी बळ नाही तो गावीच राहतो. त्याच्याविषयी काही निर्णय झाला, असे म्हणता येत नाही. त्याला निर्णयावाचून सोडून दिले, असे म्हणावे लागते.

येथे आम्ही वाचकांस एका जुन्या खोलीत नेऊ इच्छितो. सेवाग्रामच्या रुग्णालयास जिचे नाव आहे त्या कस्तुरबा १९४४ सालच्या आरंभी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवासात शेवटच्या आजारात होत्या. त्यांच्या उशाशी डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर हे दोघे बंदिवान डॉक्टर होते. निसर्गोपचाराचे दिनशा मेहता येत होते. लाहोरचे वैद्य शिव शर्मा यांनाही पाचारण करण्यात आले. तीन शास्त्रे, तीन मते, आणि दाराशी परवानग्या देण्याघेण्यात वेळ घालवणारे सरकार. अखेरीस पुत्र देवदास यांनी तेव्हा अतिशय दुर्मीळ असलेले पेनिसिलिन विमानाने आणवले. ते दर काही तासांनी सुईने द्यावे लागणार हे कळल्यावर गांधीजींनी ते देऊ नये असे सांगितले. मरणाच्या दारी पोहोचलेल्या पत्नीस पुनःपुन्हा टोचणे त्यांना मान्य नव्हते. २२ फेब्रुवारी रोजी कस्तुरबा गेल्या. गांधीजींचा तो निर्णय योग्य होता की नाही, यावर आजही कडाक्याचे मतभेद आहेत आणि आम्ही त्यांत पडत नाही. आमचे लक्ष निराळ्या गोष्टीकडे जाते. औषध आहे की नाही, हा प्रश्न तेथे सुटलेला होता. ते द्यावे की नाही, हा प्रश्न पुत्राच्या आशेत आणि पतीच्या विचारात अडकला होता. आजही गावोगावच्या घरांत नेमके हेच चालते. मुलगा म्हणतो, शेत विकू पण इंजेक्शन द्या. वडीलधारा कोणी म्हणतो, आता त्यांना सुखाने जाऊ द्या. आणि ज्याची छाती भरून आली आहे तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्याला कोणी विचारीत नाही.

विचारीत नाही, कारण त्याला रोगाचे नावच सांगितलेले नसते. ‘डॉक्टरसाहेब, बाबांना काही सांगू नका, ते खचतील,’ ही विनवणी आपल्या सगळ्या रुग्णालयांतून रोज ऐकू येते. तिच्यामागे माया आहे, हे आम्ही जाणतो. संयुक्त कुटुंबात दुःख वाटून घेण्याची जी रीत आहे, तिचा उपहास करण्याची आमची इच्छा नाही. परंतु ज्याला आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक नाही, तो केमोथेरपी घ्यावी की घेऊ नये हे कसे ठरवणार? शिवाय बहुतेक रुग्णांना कळलेलेच असते. शेजारच्या खाटेवरच्याचे केस गळलेले ते पाहतात, घरच्यांचे डोळे पाहतात, आणि मायेपोटी तेही न कळल्याचे सोंग करतात. अशा रीतीने घर दोन बाजूंनी मुके होते, जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे करावयाचा, धाकट्या मुलीचे काय, हे बोलावयाचे राहून जाते.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की या मंडळाच्या बैठकीत वेदनाशमन आणि परिहारसेवेच्या डॉक्टरास पहिल्या दिवसापासून खुर्ची असावी. सगळे उपाय थकल्यावर बोलवावयाचा तो माणूस नव्हे. याला पुरावाही भक्कम आहे. २०१० साली बोस्टन येथे पसरलेल्या फुफ्फुसकर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास वैद्यकजगतात प्रसिद्ध आहे. त्यांतील निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर निदानापासूनच परिहारसेवा देण्यात आली. त्यांचे मन अधिक स्वस्थ राहिले, जगणे अधिक सुसह्य झाले, अखेरच्या दिवसांत त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले. आणि इतके असूनही ते अधिक जगले: मध्यमान ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. कमी उपचारांत अधिक आयुष्य, हे ऐकून पुष्कळ भल्या डॉक्टरांनीही भुवया उंचावल्या होत्या. आपल्याकडे २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीन मिळण्याची वाट सोपी करण्यात आली. तरीही तालुक्याच्या ठिकाणी हाडाच्या वेदनेने तळमळणाऱ्या माणसास मॉर्फीनची गोळी मिळते काय? कायदा बदलला म्हणून ती आपोआप मिळत नाही. ती लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर लागतो, साठा ठेवणारी मान्यताप्राप्त संस्था लागते.

रुग्णाच्या ‘नको’ या शब्दाला मान देण्याची परंपराही या जिल्ह्यास नवी नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबाजींना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी औषध, अन्न आणि पाणी नाकारले, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. संताचा मार्ग सामान्य माणसास घालून द्यावा असे आम्ही सुचवीत नाही, आणि आज्ञा मोडवेनाशी झालेली डॉक्टरांची अडचणही आम्ही समजू शकतो. परंतु पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि २०२३ साली त्याची किचकट पद्धत काहीशी सोपी केली. म्हणजे जे पवनारला एका व्यक्तीच्या तपोबलावर घडले, ते आता सामान्याच्याही हक्कात आले आहे. मात्र हा हक्क वापरण्यासाठी त्याला आधी खरे काय ते कळले पाहिजे.

आता पैशाची बाजू. जुन्या गोळ्या देशी कंपन्यांच्या झाल्यामुळे पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत. नव्या मात्र मध्यमवर्गीयालाही झेपत नाहीत. २०२४ च्या अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिबसह तीन कर्करोगऔषधांवरील सीमाशुल्क माफ झाले, तरी मूळ किंमतच डोंगराएवढी असताना त्याने भार किती हलका होणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आली, हे स्वागतार्ह आहे. परंतु कोणता उपचार योजनेत बसतो आणि कोणता बसत नाही, यावरून डॉक्टरांचा निर्णय वाकतो, हेही नाकारता येत नाही. येथे टाटा रुग्णालयाच्याच एका अभ्यासाचे उदाहरण उपयोगी पडेल. ई.जी.एफ.आर.चा बिघाड असलेल्या ३५० रुग्णांपैकी निम्म्यांना गेफिटिनिबची गोळी दिली, आणि निम्म्यांना तीच गोळी व जोडीस केमोथेरपी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे रोग आटोक्यात राहण्याचा काळ आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर गेला. स्वस्त, देशी, आणि प्रभावी! पण त्याच तक्त्यात असेही आहे की जोडउपचारात तीव्र दुष्परिणाम सोसणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. समुद्रपूर तालुक्यातील सत्तरीच्या विधवेस, जिला दर तीन आठवड्यांनी बसने यावे लागेल आणि ताप आल्यास रात्री आणावयास घरी कोणी नाही, तिला हे आठ महिने कोणत्या किमतीस पडतील? हे औषधोपचारतज्ज्ञ एकटा सांगू शकत नाही. समाजसेविका सांगू शकते, परिचारिका सांगू शकते, त्या विधवेच्या गावची आशाताई सांगू शकते. म्हणून मंडळात त्यांनाही जागा हवी, आणि ती कोपऱ्यात उभे राहण्याची नव्हे.

मंडळाचेही दोष आम्ही झाकू इच्छित नाही. तासाभरात तीस कागद पुढे सरकवले, तर ती चर्चा नसून शिक्के मारणे होय. सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक बोलले की धाकट्यांनी मान डोलवावी, ही आपल्या महाविद्यालयांची जुनी सवय मंडळाच्या टेबलाभोवतीही येऊन बसते. आणि दहाजणांनी मिळून घेतलेला निर्णय चुकला, तर तो कोणाचाच नसतो, हाही धोका आहे. तेव्हा एका डॉक्टराचे नाव रुग्णाचा जबाबदार म्हणून लिहिलेले असलेच पाहिजे. शिवाय कण्यावर दाब येऊन ज्याचे पाय लुळे पडू लागले आहेत, त्याला गुरुवारच्या बैठकीची तारीख देणे हा शुद्ध अपराध ठरेल. त्याला किरण किंवा शस्त्रक्रिया काही तासांत हवी असते.

सेवाग्राम आणि सावंगी या दोन संस्थांत स्पर्धा असावी हे नैसर्गिक आहे. परंतु फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगापुरते तरी या दोघांनी आठवड्यातून एक दुपार एकत्र बसण्यास कोणती हरकत आहे? प्रत्येकाकडे रुग्ण थोडे आहेत; एकत्र केले तर अनुभव साठतो. पाऊणशे किलोमीटरांवर नागपूर आहे. तेथील कर्करोग रुग्णालयांचे तज्ज्ञ पडद्यावरून सामील होऊ शकतात, कोरोनाच्या काळात सगळ्यांनीच ते शिकून घेतले आहे. याच सेवाग्रामच्या परिसरात खेड्यातील कुटुंबांनी हंगामास ज्वारी जमा करावी आणि त्या बदल्यात त्यांना रुग्णालयाची सेवा मिळावी, अशी विमायोजना १९८० च्या दशकात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवून दाखवली. वर्गणी किती हे गावानेच बसून ठरवावयाचे. ज्या भूमीत ज्वारीच्या पायलीवर आरोग्यविमा उभा राहू शकला, तेथे डॉक्टरांची एक साप्ताहिक बैठक भरवणे अशक्य आहे असे आम्हांस कोणी सांगू नये.

त्या बैठकीनंतर रुग्णाच्या हाती एक कागद पडावा, एवढाच आमचा आग्रह आहे. तो मराठीत असावा, छापील नमुन्याचा असला तरी चालेल. त्यावर रोगाचे नाव असावे. कोणते उपचार शक्य आहेत, प्रत्येकाने किती लाभ आणि किती त्रास संभवतो, कोणता खर्च योजनेत बसतो. मंडळाचे मत काय पडले आणि मतभेद असल्यास तो कोणता. रात्री दम लागल्यास कोणास फोन करावयाचा. आणि सर्वांत खाली, रुग्णाने काय ठरवले, यासाठी एक रिकामी ओळ. ती ओळ बैठकीच्या दिवशी भरली जाऊ नये. कागद घरी न्यावा, मुलाने तो वाचून दाखवावा, आणि पुढच्या खेपेस रुग्णाने ती ओळ आपल्या हाताने, अंगठ्याने का होईना, भरून आणावी. सेवाग्रामच्या संस्थेतील विद्यार्थी प्रत्येक वर्षी एक खेडे दत्तक घेऊन तेथे राहतात. हा कागद सोप्या मराठीत कसा लिहावा, याची पहिली तालीम त्यांनी त्याच खेड्यात करावी, आणि तेथील म्हाताऱ्यांना जो शब्द कळणार नाही तो खोडून टाकावा.